चार मिनिटं पंधरा सेकंदांचा हशा

फुलमच्या चर्चमागच्या हॉलमध्ये फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या असायच्या. पिवळी म्हणजे भिंत, लाल म्हणजे दार, निळी म्हणजे जिना. नट नसलेलं दार उघडायचे, नसलेल्या जिन्यावरून धडपडायचे, आणि कोणीही हसायचं नाही.

*

"तुमच्या टेपवर आता कुत्र्यांचं प्रदर्शन आहे, पोरी," फोनवरचा माणूस म्हणाला. "झकास आलंय. एका पूडलला पहिलं बक्षीस."

*

रविवार, अठरा नोव्हेंबर १९७३. पश्चिम लंडनमध्ये सात चाळीसला भुरभुर सुरू झाली. नऊच्या सुमाराला थांबली.

*

लेनर्डची सही मी लेनर्डपेक्षा चांगली करते.

*

माझी आई म्हणायची, हेवा आणि मांजर घरात कुठे झोपलंय ते पायाखाली आल्यावरच कळतं.

शुक्रवार, दुपारी चार

मी मॉयरा टॅन्स्ली. लेनर्ड अ‍ॅस्क्विथची सहायक. लेनर्ड हा आमच्या दूरचित्रवाणी कंपनीतला विनोदी मालिकांचा निर्माता. त्याच्या मालिका तुम्ही पाहिल्या असतील आणि त्याचं नाव वाचलं नसेल, कारण ते येतं तोवर लोक चहा टाकायला उठलेले असतात. सतरा वर्षं मी त्याच्या शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसले. सतरा वर्षं त्याच्या कागदांवर त्याची सही केली, कारण त्याला सह्यांचा कंटाळा होता. हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. म्हणूनच त्या शुक्रवारी मला वर बोलावलं.

आमचे व्यवस्थापक प्राइससाहेब यांच्या टेबलावर एक छापील अर्ज होता. टेप पुसण्याचा. टेप महाग, तेव्हा कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसायची आणि वर दुसरं काहीतरी भरायचं, ही आमच्याकडची रीत. अर्जावर निर्मात्याची सही असली की कोणी काही विचारत नाही.

या अर्जावर लिहिलं होतं: 'खालचा मजला', पहिला भाग. लांबी २५ मिनिटं ४० सेकंद. खाली सही, लेनर्ड अ‍ॅस्क्विथ.

'खालचा मजला' अजून कोणाला दाखवलेलाच नव्हता. गेल्या रविवारी तीनशे प्रेक्षकांसमोर तो चित्रित झाला होता. सोमवारी दहा वाजता मोठे साहेब पाहणार होते. आवडला असता तर मालिका मिळाली असती आणि लेनर्डला विनोदी विभागाच्या प्रमुखाची खुर्ची. एकच टेप होती. तिच्यावर आता पूडल होता.

"ही सही माझी नाही," लेनर्ड म्हणाला. आठवडाभर तो सर्दीने घरी होता, आजच आला होता. चेहरा ओढलेला. "पण प्राइस, मॉयराला टाकून बोलू नका. ती माझ्याइतकीच दमलीय. माणसाच्या हातून होतं."

किती मायेने म्हणाला! आणि खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

प्राइससाहेब म्हणाले, "मिस टॅन्स्ली, दिग्दर्शनाच्या वर्गासाठी तुम्ही तीनदा अर्ज केलात. तीनदा नाकारला गेला. आणि हा भाग दिग्दर्शित केला मिस गॅरडनी. त्या पूर्वी तुमच्या हाताखाली होत्या ना?"

"माझा चहा आणायची," मी म्हणाले.

"सोमवारी दहापर्यंत तुमच्याकडे दुसरं नाव असलं तर सांगा. नसलं तर टेबल रिकामं करा."

मी अर्ज एकदा नीट पाहिला. सही माझी नव्हतीच. शेवटचं अक्षर थरथरलं होतं. भीतीने हात कापला असणार चोराचा, असं मला वाटलं.

आणखी एक सांगते, म्हणजे पुढे लपवल्यासारखं होणार नाही. फिलिपाची, म्हणजे मिस गॅरडची, टेप गेली हे कळलं तेव्हा माझ्या पोटात काहीतरी हललं. ते दुःख आहे असं मी स्वतःला सांगितलं.

शनिवार, सकाळी: टेपांचा राखणदार

टेपा ठेवतो तो ऑग्डेन. तळघरात बसतो आणि चहाबरोबर अंड्याचं सँडविच खातो.

"कोणी आणला अर्ज?"

"ट्रेमध्ये होता. शुक्रवारी जेवायच्या सुटीत कोणी टाकला, देव जाणे. मी जेवत होतो."

"न दाखवलेला कार्यक्रम पुसायला तुला काहीच वाटलं नाही?"

"पोरी, मला वाटायला लागलं तर इथे जागा उरायची नाही." त्याने बोट चाटलं. "एक मात्र वाटलं. डब्यावर एकोणतीस पंचावन्न लिहिलेलं. अर्जावर पंचवीस चाळीस. म्हटलं, तुम्ही लोकांनी कापाकापी केली असेल."

मी जिन्यातच बसले.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट. तालीम रिकाम्या हॉलमध्ये होते. तिथे हसणारं कोणी नसतं. मग प्रेक्षक येतात, हसतात, नटांना हशा ओसरेपर्यंत थांबावं लागतं आणि भाग लांबतो. या वाढीला आम्ही फुगवटा म्हणतो. फुगवटा म्हणजे निर्मात्याची खरी परीक्षा. लेनर्डचा आजवरचा सर्वांत मोठा फुगवटा तीन मिनिटं दहा सेकंद. त्या रात्री त्याने मला शेरी पाजली होती.

'खालचा मजला' मागच्या शनिवारी दुपारी हॉलमध्ये पंचवीस चाळीस भरला होता. मी तो आकडा एकदाच, मोठ्याने वाचून दाखवला. रविवारी प्रेक्षकांसमोर एकोणतीस पंचावन्न. चार मिनिटं पंधरा.

म्हणजे ज्याने अर्ज भरला त्याने हॉलमधला आकडा ऐकला होता. आणि स्टुडिओतला ऐकला नव्हता.

शनिवार, दुपारी: ज्याला खुर्ची हवी होती

क्लाइव्ह डेस्ट्री दुसरा निर्माता. प्रमुखाच्या खुर्चीसाठी लेनर्डच्या समोर तोच. बागेतली पानं गोळा करत होता.

"मला विचारायला आलीस? वा! बरं केलंस. आनंद झाला का? झाला. फार झाला. काल रात्री बायकोला घेऊन जेवायला गेलो." त्याने दाताळं खाली ठेवलं. "पण मी नाही केलं. सुचलंच नाही गं. सुचलं असतं तर मीच नसतो का आत्तापर्यंत प्रमुख?"

"तुम्हाला भागाची लांबी माहीत होती?"

"अर्धा तास. सगळ्याच भागांची असते."

तो हॉलमध्ये पाऊलही टाकायला आला नव्हता. पंचवीस चाळीस हा आकडा अंदाजाने लिहिता येत नाही. क्लाइव्हचं नाव मी खोडलं. वाईट वाटलं. त्याचं नाव सापडलं असतं तर सगळ्यांचीच सोय झाली असती.

शनिवार, दुपारी, जरा नंतर: ज्याने लिहिलं

नॉर्मन टफ्नेल लेखक. स्वतःचं लेखन प्रेक्षकांसमोर होत असताना तो कधीच आत बसत नाही. स्टुडिओसमोरच्या पबमध्ये बसतो, आणि आजही तिथेच होता. म्हणजे त्या शनिवारी हॉलमध्ये होता, रविवारी स्टुडिओत नव्हता. माझ्या हिशोबात बरोबर बसणारा.

"या बाईसाहेब! बेड्या आणल्यात का?"

"शेवटचा प्रवेश लेनर्डने बदलला म्हणून तू सगळ्यांसमोर ओरडला होतास."

"ओरडलो. अजून ओरडेन. माझी विहीणबाई जिन्यात मरायला हवी होती, त्याने तिला जिवंत ठेवली."

"मग पुसून टाकलास?"

तो हसायचा थांबला. "मॉयरा, रविवारी रात्री इथल्या फोनवर कोणी फोन केला होता? तूच ना? काय म्हणालीस?"

मी काय म्हणाले ते मला आठवलं, आणि कान तापले. म्हणाले होते, 'एकोणतीस पंचावन्न, नॉर्मन! चार पंधरा!' लेखक पबमधून तेवढंच विचारतात. तेवढं सांगायचं कामही माझंच.

"मी सगळ्यांना बिअर पाजली," नॉर्मन म्हणाला. "अठरा माणसं. मालकाने फळ्यावर खडूने लिहिलं, चार पंधरा. जा, बघून ये. आयुष्यात एकदाच येतो असा आकडा. मी तो पुसेन?"

फळ्यावर होता. खाली त्या दिवसाचं सूप लिहिलं होतं.

रविवार: जिचा मला हेवा वाटतो

चित्र: फिलिपा गॅरडची खोली. एकोणतीस वर्षांची. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. डोळे सुजलेले.

आवाज: "मला वाटलंच होतं तुम्ही याल. तुम्ही केलंत का, मॉयरा?"

चित्र: मी. कोट न काढता उभी.

आवाज: "नाही. तू?"

आवाज, फिलिपा: "मी? ते एकोणतीस पंचावन्न माझ्या हातात होते! कागद तुम्हीच दिलात."

हो. नियम आहे तसा. चित्रण संपलं की वेळेचा कागद त्याच्या हातात जातो ज्याने कॅमेरे हलवले. सतरा वर्षं तो लेनर्डच्या हातात गेला, कारण दिग्दर्शनही तोच करायचा. यावेळी पहिल्यांदा दुसऱ्या हातात. देताना माझी बोटं जरा जास्त घट्ट होती, हे फिलिपाला कळलं असावं.

चित्र: फिलिपा खिडकीकडे जाते.

आवाज: "तो तिसऱ्या मिनिटाचा थांबा आठवतो? विहीणबाई दारात येते आणि कोणीच बोलत नाही? लेनर्ड म्हणाले होते काप. सगळ्यांसमोर म्हणाले, विनोद म्हणजे श्वास नव्हे गं बाई, धाप. मी हो म्हटलं. आणि ठेवला."

(तिथे रविवारी हशा आला होता. अकरा सेकंद. मी मोजला.)

आवाज: "मी मागे वळून पाहिलं, त्यांचा चेहरा बघायला. खुर्चीवर कोट होता. अंधारात एवढंच दिसलं. मग पुढचा शॉट आला."

तेव्हा मी काय ऐकलं? 'मी ठेवला, मी वळून पाहिलं.' मी, मी, मी. मनात म्हटलं, स्वतःशिवाय हिला काही दिसतच नाही. हे मी खरं तेच सांगते आहे. हेवा वाटत असला की समोरचं माणूस पुरावा देत असतं आणि आपण त्याचा गर्व मोजत बसतो.

"नटांना आकडा सांगितलास?" मी निघताना विचारलं.

"लगेच. स्टेजवर. ते नाचले."

मग नटही गेले यादीतून.

रविवार, परत येताना, बसमध्ये

हॉलमध्ये कोण कोण होतं? पाच नट. फिलिपा. नॉर्मन. मी. लेनर्ड.

रविवारचा आकडा कोणाला माहीत? पाच नटांना. फिलिपाला. नॉर्मनला. मला.

लेनर्ड आमच्या मागे, नियंत्रणकक्षात शेवटच्या रांगेत होता. तो तिथेच असतो. पडद्यांकडे तोंड करून बसल्यामुळे मागे कोणी पाहत नाही. त्याला आकडा मी सांगितला का? नाही. कागद फिलिपाला दिला. त्याने विचारला का?

बस हॅमरस्मिथला थांबली. मी उतरले नाही, हे मला पुढच्या थांब्यावर कळलं.

लेनर्ड अ‍ॅस्क्विथ आकडा विचारायला विसरला? आईच्या अंत्यविधीहून परत आला तेव्हा त्याने आधी फुगवटा विचारला होता.

खुर्चीवर कोट होता. फक्त कोट. नऊ वाजता तो नटांचं अभिनंदन करायला खाली आला तेव्हा त्याच्या शर्टाचे खांदे ओले होते. कक्षात उकडतं, घाम असेल, असं मी समजले होते. पण घाम वरून पडत नाही.

आणि सही. ती आता डोळ्यांसमोर आली, थरथरलेल्या शेवटच्या अक्षरासह. चोराला सही गिरवायची असती तर त्याने कुठून उचलली असती? ऑफिसच्या कागदांवरून. आणि गेल्या सतरा वर्षांत ऑफिसच्या प्रत्येक कागदावरची सही मी केलेली आहे, गोल, नीटनेटकी, न थरथरणारी. लेनर्डची खरी सही कशी आहे हेच इमारतीत कोणाला ठाऊक नव्हतं. ती थरथरती सही गिरवता येण्याजोगी कुठे पडलेलीच नव्हती. ती फक्त एकच माणूस करू शकत होता.

सोमवार, सकाळी नऊ

तो टेबलाशी बसला होता. मी नेहमीप्रमाणे चहा ठेवला. दोन चमचे साखर.

"लेनर्ड, त्या रविवारी भाग किती भरला?"

"पंचवीस चाळीस," तो म्हणाला. वर पाहिलंही नाही.

दारावरच्या घड्याळाचा काटा दोनदा हलला. मग त्याने हळूच कप खाली ठेवला.

"तो शनिवारचा," मी म्हणाले.

"हो. तो शनिवारचा." त्याने कप बाजूला सारला. "रविवारी किती झाला?"

"तुम्ही कुठे होतात?"

"खाली. आवारात, उभ्या गाड्यांमध्ये. तिथे काही ऐकू येत नाही, म्हणून. किती झाला, मॉयरा?"

"एकोणतीस पंचावन्न."

त्याने वजाबाकी केली. मला त्याच्या ओठांवर दिसली. चार. पंधरा. त्याचा चेहरा असा झाला की मी खिडकीकडे पाहिलं.

"मी तिला तो थांबा कापायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं मी लोकांना सांगत आलो कुठे हसायचं. ती पोर काहीच न करता उभी राहिली आणि तीनशे माणसं... मी दारापर्यंत गेलो, तरी ते हसतच होते."

"भाग चालला असता तर खुर्ची तुम्हालाच मिळाली असती."

"आणि मी रोज त्या खुर्चीत बसून काय केलं असतं? तिच्या मालिकांना सह्या? मालिका तिची, खुर्ची माझी, आणि सगळ्यांना माहीत." तो हसला. "सह्यासुद्धा तूच केल्या असत्यास."

"या वेळची तुम्ही केलीत. माझ्या नावावर जावी म्हणून."

"मला वाटलं, सगळे म्हणतील मॉयराचं काम वाढलंय, चुकून गठ्ठ्यात गेला. दोन दिवस ओरडा, मग विसरतील. तुला काढतील असं मला वाटलं नव्हतं. शपथ."

"शुक्रवारी म्हणाले ना काढतो. तुमच्यासमोर."

तो उठला, दार लावलं, आणि आवाज खाली आणला. तो आवाज मला ओळखीचा होता. रुसलेल्या नटांसाठीचा.

"ऐक. आत जाऊन सांग, चुकून गेला. मी म्हणतो, माझीच चूक, तिच्यावर फार टाकलं. नोकरी राहील. आणि जानेवारीच्या दिग्दर्शनाच्या वर्गाला तुझं नाव मी स्वतः टाकतो. स्वतः. चाळिशीची अट आहे, ती मी शिथिल करून घेईन. तू दिग्दर्शन करशील, मॉयरा. तुला तेच हवं होतं ना?"

हवं होतं. कोणाला सांगितलं नाही इतकं हवं होतं. फिलिपाने पहिल्यांदा त्या खुर्चीत बसून 'कॅमेरा दोन' म्हटलं तेव्हा माझ्या तोंडात कडू आलं होतं. लेनर्ड गाड्यांमध्ये भिजत उभा होता तेव्हा त्याला काय होत होतं ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मीही तेच सोसत होते, फक्त कोरड्या जागी बसून. आणि शुक्रवारी पोटात हललं ते दुःख नव्हतं.

"तीनदा माझा अर्ज गेला," मी म्हणाले. "तेव्हा नाव टाकलं का नाही?"

तो प्रामाणिकपणे गोंधळला. "मग माझ्याकडे कोण राहिलं असतं?"

दहाला पाच मिनिटं होती. मी शनिवारचा कागद, रविवारच्या कागदाची प्रत आणि माझं स्टॉपवॉच घेतलं. स्टॉपवॉच का घेतलं ते माहीत नाही.

सोमवार, दहा

प्राइससाहेबांनी दोन्ही कागद वाचले. मग कपाटातून लेनर्डचा १९७१चा करार काढला, वकिलासमोर सही केलेला, तेव्हा मी खोलीत नव्हते. शेवटचं अक्षर थरथरलं होतं. त्यांनी तो अर्जाशेजारी ठेवला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"मिस टॅन्स्ली, हे तुम्ही का सांगताय? मिस गॅरडसाठी?"

"नाही," मी म्हणाले. "मला ती अजिबात आवडत नाही."

त्यानंतर

लेनर्डने प्रकृतीच्या कारणावरून राजीनामा दिला. त्याला शेरी आणि चांदीचा ट्रे मिळाला. ट्रेवर नाव बरोबर कोरलं होतं. प्रमुखाची खुर्ची क्लाइव्हला गेली.

'खालचा मजला' मार्चमध्ये पुन्हा चित्रित झाला. तेच नट, तीच संहिता, तोच थांबा. तिसऱ्या मिनिटाला दारात विहीणबाई आली, सगळे गप्प राहिले, आणि प्रेक्षकही गप्प राहिले. फुगवटा दोन मिनिटं पाच सेकंद. मालिका मिळाली नाही. कागद मी फिलिपाला दिला. तिने तो वाचला आणि म्हणाली, "पहिल्यांदा खरंच चार पंधरा होते ना? की मला तसं वाटतंय?"

त्या हशाचा आता कुठे पुरावा उरला नव्हता. पबच्या मालकाने फळा केव्हाच धुतला होता. मी नाही म्हणाले असते तर तिने विश्वास ठेवला असता. तिच्या डोळ्यांत तसं दिसत होतं.

"चार पंधरा," मी म्हणाले. "मी मोजलेत."

वर्गासाठी मी चौथ्यांदा अर्ज केला नाही. मी बेचाळीस वर्षांची झाले होते. क्लाइव्हच्या सह्या तो स्वतः करतो.

१९५४च्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी, लेनर्ड अ‍ॅस्क्विथचा पहिला विनोदी कार्यक्रम झाला. मी तेव्हा टपाल खात्यात पत्रं लावायचे आणि लेनर्ड कोण ते मला माहीत नव्हतं. तिकीट फुकट मिळालं म्हणून गेले होते. मी इतकी हसले की पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून पाहिलं.